सिकलसेल आणि आपली मुले : पालकांनी जाणून घ्यावे असे काही

निवासी शाळेत मुलाला दाखल करताना पालक कागदपत्रांची पिशवी जपून आणतात. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड असे सारे त्या पिशवीत असते. विदर्भातील अनेक घरांत आणखी एक कागद असतो, तो मात्र पुष्कळदा घरच्या पेटीतच राहतो. तो म्हणजे मुलाच्या सिकलसेल तपासणीचा अहवाल. शाळा प्रवेश नाकारील, मुलाला कोणी चिडवील, आणि मुलगी असेल तर पुढे सोयरिकीत अडचण येईल, अशी भीती पालकांच्या मनात असते. ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु जो आजार शाळेला ठाऊकच नाही, त्याची काळजी शाळा घेऊ शकत नाही. घरापासून दूर राहणाऱ्या लेकराच्या बाबतीत हे अज्ञान जिवावर बेतू शकते. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक आहोत, वैद्य नव्हे. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. शिक्षकाचे काम माहिती नीट समजून घेऊन ती सोप्या शब्दांत पोहोचविण्याचे आहे, आणि तेवढेच येथे करीत आहोत.

आजाराचे स्वरूप

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल, मऊ आणि लवचिक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो सर्व शरीराला पोहोचविते. सिकलसेल आजारात या हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतःच एक लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला, शरीरातील पाणी घटले, थंडी किंवा ताप आला, की अशा पेशी कडक होतात आणि विळ्यासारखा वाकडा आकार घेतात. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्या भागाचा रक्तपुरवठा अडतो, तेथे असह्य वेदना होतात. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय कायम राहतो आणि डोळे पिवळसर दिसतात.

वैद्यकशास्त्राने या आजाराची प्रथम नोंद केली ती १९१० साली. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत शिकागोला गेलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी आढळल्या आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये, आणि १९५८ साली नागपुरातील डॉक्टरांच्या निबंधातून मध्य भारतात या जनुकाची नोंद झाली. आपल्या घरातील आजारावर आपल्याच नागपुरात संशोधन होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचे नीट ज्ञान आपल्या वस्त्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचलेले नाही.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एका खाटेवर झोपल्याने किंवा एकाच माठातील पाणी प्यायल्याने होत नाही. तो केवळ आईवडिलांकडून जन्माबरोबर येतो. प्रत्येक माणसाला हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही जनुके सदोष असतील तर मूल रुग्ण असते, त्यालाच आपल्याकडे ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एकच जनुक सदोष असेल तर ते मूल वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करतो, खेळतो, नोकरी करतो आणि सर्वसामान्य आयुष्य जगतो. एएस असलेल्या मुलीला आजारी समजून घरात बसविणे हा तिच्यावरील अन्याय आहे.

हे जनुक आपल्याकडे का?

‘हा आमच्याच जातीचा रोग का?’ असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर मलेरियाच्या इतिहासात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले, की सिकलसेलच्या वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे शतकानुशतके मलेरियाने मुले दगावत होती, तेथे वाहक मुले अधिक संख्येने जगली आणि हे जनुक टिकून राहिले. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीसचा काही भाग आणि भारतातील जंगलपट्टा हे सारे या एका सूत्राने जोडलेले आहेत. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ, मेळघाट, नंदुरबार, धुळे, पालघर या भागांत, गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात ते अधिक आढळते. इतर समाजांतही त्याचे रुग्ण आहेत. तेव्हा हे जनुक म्हणजे कुणाच्या पापाचे फळ नाही की रक्ताचा कलंक नाही. रानावनात आणि भातखाचरांच्या काठी राहिलेल्या आपल्या पूर्वजांना एका जीवघेण्या तापाशी जे झुंजावे लागले, त्याची ती खूण आहे.

मग ते एकाच समाजात दाटून का राहिले? याचे उत्तर मात्र समाजरचनेत शोधावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधात बाबासाहेबांनी जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे दाखवून दिले. त्यांची ती मांडणी समाजाविषयी होती, रक्ताविषयी नव्हती. परंतु जे कुंपण समाजाला बंदिस्त करते, ते जनुकांनाही बंदिस्त करते. लग्ने त्याच जातीत, त्याच पंचक्रोशीत, पुष्कळदा आते-मामेभावंडांतच होत राहिली, तर एक वाहक दुसऱ्या वाहकाला भेटण्याचा संभव वाढतो. म्हणून आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार या दृष्टीनेही हितकर आहे. मात्र केवळ जात वेगळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. खात्री देते ती रक्ताची तपासणी.

मुलांत दिसणारी लक्षणे

जन्मलेल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, ते पेशी वाकडी होऊ देत नाही. म्हणून पहिले काही महिने बाळ निरोगी दिसते. सहा महिन्यांच्या सुमारास हे कवच ओसरू लागते. बाळाच्या हातापायांचे पंजे सुजणे आणि हात लावताच बाळ कळवळून रडणे, हे पुष्कळदा पहिले लक्षण असते. पुढे वारंवार ताप, फिकटपणा, डोळ्यांत पिवळेपणा, हाडे, सांधे, पाठ व पोट यांत अचानक उठणाऱ्या कळा, अशी लक्षणे दिसतात. ही कावीळ संसर्गाची नसते. म्हणून डोळे पिवळे दिसताच झाडपाल्याच्या उपायात दिवस घालवू नयेत, आधी रक्त तपासून घ्यावे. काही मुलांना वर्षातून एखाद्या वेळीच त्रास होतो, काहींना महिन्यातून दोनदा. एकाच घरातील दोन भावंडांतही हा फरक दिसतो.

दोन गोष्टी पालकांच्या आणि शिक्षकांच्याही ध्यानात लवकर येत नाहीत. पहिली, या वेदनेला बाहेरून पुरावा नसतो. सूज नाही, जखम नाही, पुष्कळदा तापही नाही, तरी मूल तळमळत असते. अशा मुलाला ‘ढोंगी’ म्हणणे फार क्रूर आहे. दुसरी, या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. म्हणून मुलाला वारंवार लघवीस जावे लागते आणि मोठेपणीही रात्री अंथरूण ओले होऊ शकते. तो आळस नव्हे, खोड नव्हे, आजाराचाच भाग आहे. यासाठी मुलाला मारू नये आणि पाणी तर मुळीच तोडू नये. अशी मुले चणीने लहान राहतात, वयात उशिरा येतात. त्यांना धीर द्यावा. बहुतेक मुले थोडी मागाहून वाढतातच.

घरी घ्यावयाची काळजी

पाणी हे या मुलाचे पहिले औषध आहे. वयानुसार प्रमाण बदलते, परंतु मोठ्या मुलाने दिवसाकाठी साधारण अडीच ते तीन लिटर पाणी प्यावे, उन्हाळ्यात त्याहून अधिक. शेतावर, लग्नाला किंवा प्रवासाला निघताना पाण्याची बाटली विसरू नये.

थंडी आणि भिजणे टाळावे. हिवाळ्यात कोमट पाण्याने अंघोळ, पायांत मोजे, अंगात स्वेटर हवा. तलावात किंवा विहिरीत फार वेळ डुंबू देऊ नये. दुखऱ्या भागावर कोमट शेक द्यावा, बर्फ कधीही लावू नये. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामक गोळी घरात तयार असावी. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात, ती नवी रक्तपेशी घडण्यास मदत करते. लोहाच्या गोळ्यांचे तसे नाही. या मुलांचा रक्तक्षय पेशी लवकर फुटल्यामुळे होतो, प्रत्येकात लोह कमी असतेच असे नाही. वारंवार रक्त चढविलेल्या मुलाच्या अंगात तर लोह साचून राहते आणि अपाय करते. म्हणून लोहाची गोळी, शाळेतून वाटली जाणारीसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

लसीकरण एकही चुकवू नये. या आजारात पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. न्यूमोनियाची लस म्हणूनच महत्त्वाची आहे. पाच वर्षांखालील मुलांना डॉक्टर पेनिसिलिन रोज देण्यास सांगतात, तेही बंद करू नये. रात्री मच्छरदाणी वापरावी. मलेरियापासून संरक्षण वाहकाला मिळते, रुग्णाला मलेरिया उलट अधिक घातक ठरतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते आणि कळांचे प्रमाण कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांनी रक्त तपासून, रोज घ्यावयाचे असते. मुलाला बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने थांबविले, की कळा परत सुरू होतात. बरे वाटते आहे ते औषधामुळेच, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

‘मुळासकट बरा करतो’ म्हणून जडीबुटी विकणारे आणि गंडेदोरे बांधणारे गावोगाव फिरतात. भावंडाची मज्जा जुळल्यास मज्जारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो, पण ते मोठ्या रुग्णालयातील खर्चिक आणि जोखमीचे काम आहे. बाटलीतल्या काढ्याने जनुक बदलत नाही. त्यासाठी शेत किंवा दागिना गहाण टाकू नये.

केव्हा क्षणभरही थांबू नये

पुढीलपैकी काहीही दिसल्यास मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि ‘मूल एसएस आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

१. ताप १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक. या मुलांचा ताप साधा समजू नये.
२. छातीत दुखणे, धाप लागणे, श्वास जलद होणे.
३. मूल एकाएकी पांढरेफटक पडणे आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगणे. याचा अर्थ पाणथरीत रक्त साचत आहे आणि वेळ फार थोडा आहे. पाणथरी कशी चाचपावी, हे आईने व वडिलांनी डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.
४. एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, झटके येणे, असह्य डोकेदुखी. मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो.
५. घरच्या गोळीने न थांबणारी कळ, सतत उलट्या किंवा जुलाब.
६. मुलग्याच्या जननेंद्रियाला तासन्‌तास ताठरता येऊन वेदना होणे. लाजेपायी मुले हे सांगत नाहीत. वडिलांनी मुलाला आधीच विश्वासात घेऊन याची कल्पना द्यावी.

वसतिगृहातील मूल

आता निवासी शाळांविषयी. येथे आई उशाशी नसते. पहाटे उठणे, गार पाण्याची अंघोळ, परिपाठाला उभे राहणे, धावण्याची शिक्षा, रांगेतले मोजके पाणी, हे निरोगी मुलाला काटक करील, पण सिकलसेलच्या मुलाला रुग्णालयात पोहोचवील. या मुलासाठी शाळेला फार खर्च येत नाही. वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी. लघवीला जाण्यास कधीही मना करू नये. हिवाळ्यात कोमट पाण्याची सोय करावी. खेळू द्यावे, पण थकल्यावर बसण्याची मोकळीक असावी. आजारपणात बुडालेला अभ्यास कोणी तरी समजावून द्यावा. अंथरूण ओले झाल्यास ते इतर मुले उठण्यापूर्वी शांतपणे बदलता यावे. गृहपालांच्या टेबलाच्या काचेखाली वरील सहा लक्षणांची यादी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा. या गोष्टी लहान आहेत, पण पालकांनी आजार सांगितल्याशिवाय त्यांतली एकही होऊ शकत नाही.

आजारी भिक्खूला एकटे पडलेले पाहून तथागतांनी आनंदासह स्वतः त्याची शुश्रूषा केली आणि संघाला परस्परांच्या सेवेची जबाबदारी समजावून दिली, हा विनयातील प्रसंग आपण मुलांना शिकवितो. वसतिगृहातही प्रत्येक मुलासोबत एक मोठा विद्यार्थी जोडून द्यावा. रात्री कळ उठली तर हाक मारायला कोणी तरी हवे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णास त्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी जरूर करावी. सवलत मागणे ही भीक नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

सोयरिकीपूर्वीचा एक प्रश्न

आता जो भाग सर्वांत अवघड, त्याकडे येऊ. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याचा संभव २५ टक्के, वाहक असण्याचा ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याचा २५ टक्के असतो. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ ही समजूत चुकीची आहे. हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडला जातो. वाहकाचे लग्न पूर्ण निरोगी व्यक्तीशी झाल्यास मुले रुग्ण होत नाहीत, फार तर वाहक होतात. रुग्णाचेही लग्न पूर्ण निरोगी व्यक्तीशी होऊ शकते. त्यांची सर्व मुले वाहक असतील, रुग्ण नसतील. म्हणजे एएस किंवा एसएस असणाऱ्या कुणाचेही लग्न थांबत नाही, फक्त जोडी पाहून जुळवावी लागते.

मूल आजारी निघाले, की दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत आहे. शास्त्र सांगते, की दोघांकडून एकेक जनुक आल्याशिवाय एसएस मूल जन्मतच नाही. यासाठी सुनेला माहेरी धाडणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही.

तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतून एएस की एसएस हे निश्चित कळते. थॅलेसेमियाचा वाहक आणि सिकलसेलचा वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून ही दुसरी चाचणी महत्त्वाची. जोडपे आधीच विवाहित असेल आणि दोघेही वाहक असतील, तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच डॉक्टरांना भेटावे. गर्भाची तपासणी त्या काळातच करावी लागते. १ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. शासनाचे अभियान रक्त तपासून देईल, पण तो अहवाल सोयरिकीच्या बैठकीत उघडणे हे आपल्यालाच करावे लागेल.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, शासकीय सेवेत आहेत, गावोगावच्या विहार समित्यांवर आहेत. त्यांना आमची विनंती आहे. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, उंची यांच्याबरोबर सिकलसेल तपासणीचा एक रकाना ठेवा, आणि सर्वप्रथम आपल्या घरचा रकाना भरा. शिकलेल्या, मान असलेल्या घरांनी ‘आमचा मुलगा एएस आहे’ असे मोकळेपणाने सांगितले, तर गरीब घरातील आईला तेच सांगण्याचे बळ येईल. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन आहे. महाराष्ट्रातील शाळाही त्याच सुमारास उघडतात. त्या आठवड्यात प्रत्येक विहारात तपासणी शिबिर घेता येईल.

आणि पालकांना एवढेच सांगणे, की यंदा मुलाला शाळेत सोडायला याल तेव्हा तो अहवाल सोबत आणा. मूल रोज घेत असलेली औषधे, मागच्या वेळी कळ कशाने उठली होती आणि कशाने शमली, हे एका कागदावर लिहून गृहपालांच्या हाती द्या. तपासणी झालीच नसेल, तर येत्या आठवड्यात आशाताईंना विचारून करून घ्या.